नागम्मा अक्काचा फोन

माझा आवाज मोठा हाय, हे मला कुणी सांगायची गरज न्हाय. उभा जन्म पिठाच्या गिरणीत काढून बघा, तुमचाबी हुईल. मोटर घरघरतीय, पट्टा फडफडतोय, आन पाच बाया एकदम बोलायल्यात. "अक्का, माझं आधी", "अक्का, माझ्या ज्वारीवर मिरच्या दळू नका". तिथं हळू बोलणाऱ्याचं दळण दिवेलागणीपतूर व्हत न्हाय. मालक गेल्यापासनं गिरणी मी एकटीच चालवते. आमचं गाव मुरुमच्या जवळ, अर्धं मराठी, अर्धं कानडी. लोक म्हणतेत, नागम्मानं गावात शिवी घातली तर मुरुमच्या बाजारात ऐकू जाते. म्हणू द्या.

दुसरंबी सांगून टाकते. मी बोलायला लागले की समोरच्याला बोलू देत न्हाय. त्याचं अर्धं वाक्य तोंडात असतंय तवर माझा निकाल लागलेला असतोय. मालक म्हणायचे, तुझ्याशी बोलण्यापरीस मोटारीशी बोललेलं बरं, ती निदान बटण दाबल्यावर थांबती.

तर आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रावर निखत म्हणून नर्स पोरगी आली. लोहाऱ्याची. लोक तिला मॅडम म्हणतेत, मी निखतच म्हणते, कारण तिचं दळणबी माझ्याकडंच असतंय. हुशार, सरळ, आन जरा रडवी. एक दिवस डबा ठिऊन पोत्यावर बसली ती उठंचना.

"काय गं, घोडं कुठं पेंड खायलंय?" म्या इचारलं.

"अक्का, फोन कुणी उचलत नाही. उचलला तर लगेच कट करतात."

मग तिनं सगळं सांगितलं. गावातल्या तिशीवरच्या माणसांची बीपी, शुगर तपासून तिनं त्या पाटीएवढ्या फोनमधे भरली होती. गरोदर बायांचंबी सगळं त्यात. आता ज्याची तपासणी जवळ आली, ज्याची गोळी चुकायचा संभव हाय, त्याला कॉम्प्युटर आपणहून फोन करणार. माणूस पडायच्या आधीच त्याला धरायचं, अशी सगळी योजना. योजना चांगली, पण फोनवरची बाई म्हणायची, "नमस्कार. आपली आरोग्य तपासणी प्रलंबित आहे. कृपया नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा." निखतनं मला ऐकवलं.

"आता गं बया," म्या म्हणलं, "ही कोण, बँकेची का लाईटबिलाची? 'प्रलंबित' ऐकल्यावर माणूस दवाखान्यात कशाला जाईल, कागदं घेऊन तहसीलला पळंल. आन निखत, खरं सांगू का, दुखणं आल्यावर दवाखाना असतोय. न आलेल्या दुखण्याला कोण जातंय?"

"अक्का, तुम्ही पट्टा तुटल्यावर बदलता का?"

"तुटंस्तवर कोण थांबतंय? भेग दिसली की बदलते. चालत्या मोटारीवर तुटला तर तोंड फोडंल."

"मला माणसांच्या भेगा बघायच्यात," निखत म्हणाली. "तुमचा आवाज द्या. तुमचा फोन कट करायची कुणाची छाती हाय?"

आता आसं म्हणल्यावर कोण न्हाय म्हणंल? दुसऱ्या दिवशी तिनं मला उपकेंद्रात बसवलं, दार लावलं, पंखा बंद केला. वरच्या ऑफिसानं लिहून दिलेला कागद म्या बाजूला सारला आन आपल्या तोंडानं बोलले. "ए, मी नागम्मा बोलायले, गिरणीवाली. बीपीची गोळी घेतली का? न्हाय घेतली? मग काय देव्हाऱ्यात पूजेला ठिवलीय व्हय?" निखत हसून हसून लाल झाली.

गरोदर पोरींसाठी मातर आवाज खाली आणला. "पोरी, मी नागम्मा अक्का. बरी हायेस का? डोकं दुखतंय का? डोळ्यापुढं काजवे चमकतेत का? पायावर, तोंडावर सूज हाय का? आसंल तर लपवू नको, एकचं बटण दाब." तिथं निखतनं मला हातानं थांबवलं. बटण दाबायला येळ पायजे म्हणून थोडी मोकळी जागा सोडली. मग खूण केली तशी म्या म्हणलं, "बरं, कळलं मला. जप."

ते कागदावर नव्हतं. जिभेची सवय. गिरणीत बाया काय काय सांगतेत, मोटारीपुढं अर्धं ऐकू येत न्हाय, तरी मी "बरं, कळलं" म्हणते आन डबा पुढं सरकवते. म्या निखतला इचारलं, काढायचं का? ती म्हणाली, "राहू द्या अक्का, लई गोड वाटतंय." आन राहिलं.

पुढं गंमतच झाली. शिवलिंगप्पा, आमच्यातला दांडगा माणूस, कधी कुणाला घाबरला न्हाय, पारावर बसला असताना फोन वाजला. कानाला लावला आन उभाच राहिला की! "जातो, जातो, उद्या सकाळी जातो, वरडू नको अक्का." सगळा पार हसायला लागला. पण गडी गेला. शुगर निघाली, तीबी लई. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, त्याला वाटलं चप्पल चावली. डॉक्टरनं सांगितलं, अजून थोडं दुर्लक्ष केलं असतं तर अंगठा काढावा लागला असता. तेव्हापासून तो मला रस्त्यात दिसला की दुरूनच हात जोडतो. निखतच्या उपकेंद्रापुढं सकाळी चपलांची रास पडायला लागली. उंटावरनं शेळ्या हाकायचा धंदा म्हणून म्या सुरुवातीला नाक मुरडलं होतं, पण आता छाती फुगली. फुगणारच की.

एक भानगड तेवढी राहिली. माणसं फोनशी बोलायची. "अक्का, काल मी सांगत व्हतो तर तू मधीच तोडलंस." म्या कपाळावर हात मारून घ्यायचे. "आरं मुडद्या, ती टेप हाय टेप! कॉम्प्युटर लावतो. मी तवा भाकरी थापत व्हते." ते मान डोलवायचे आन मनातनं मानायचे न्हायत. त्यांचं तरी काय चुकलं? टेप कुणाचं ऐकत न्हाय, मधी बोलू देत न्हाय, आपलं झालं की ठिऊन देती. नागम्माबी तशीच. फरक कळायचा कसा? मी हसण्यावारी नेलं. निखतनंबी नेलं.

आता सोनालीचं सांगते. मथुराबाईची सून. माहेर कळंबचं, लगीन होऊन वरीसबी झालं नव्हतं. नवरा इंद्रजित दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, चार दिस घरी तर दहा दिस बाहेर. पहिलटकरीण. डबा कमरेवर घेऊन यायची आन मुकाट रांगेच्या शेवटाला उभी राहायची. तिच्या मागून आलेल्या बाया दळण घेऊन जायच्या, तरी ही उभीच. एकदा मीच वरडले, "पोरी, डबा पुढं सरकव, न्हायतर हितंच बाळंत हुशील!" ती हसली. हसली की लई लहान दिसायची. मथुराबाई काय वाईट बाई न्हाय. पण तिचं एकच पालुपद, पहिल्या खेपेला दुखतंच, आमी तर भर उन्हात खुरपत होतो. आसं म्हणल्यावर सून पुढं बोलती का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. म्हणून म्याच तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "सासूला सांगायची लाज वाटली तर मला सांग. मला कळलं म्हणजे निखतला कळलं, काळजी करू नको."

तिनं ते शब्द मनात धरले. माझे शब्द इतकं कुणी मनात धरंल, हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी मथुराबाई स्वतः डबा घेऊन आली. म्या वर ज्वारी ओतत व्हते.

"सून कुठाय आज?"

"निजलीय. दोन दिस झालं, उजेड सोसत न्हाय म्हणतीय. डोळे उघडंना." मग ती माझ्याकडं जरा रागानंच बघायला लागली. "पण अक्का, तुमीबी कमाल करता. एवढं सांगूनबी निखत मॅडमचा पत्ता न्हाय."

"कुणाला सांगितलं?"

"आता बघा! तुमालाच की. रविवारी तुमचा फोन आला तवा तिनं समदं सांगितलं. मी चुलीपाशी व्हते. डोकं फुटायलंय, काजवे दिसायलेत, सकाळी उठलं की तोंड सुजतंय. तुमी म्हणलात बरं, कळलं मला. म्हणून तर मी निवांत राहिले. म्हणलं, अक्काला कळलंय, अक्का बघती."

म्या मोटारीचं बटण बंद केलं. दळण अर्ध्यात, पट्टा थांबला, आन गिरणीत एवढं शांत झालं की बाया घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या.

"मथुरे, तिनं बटण दाबलं का? एकचं?"

"कसलं बटण?" मथुराबाई म्हणाली. "माणसाशी बोलताना बटण कशाला दाबंल कुणी?"

मी पळाले. या वयात मी पळते कशी, माझं मला माहीत. पळता पळता निखतला फोन लावला, ती शेजारच्या वस्तीवर लसीकरणाला गेली होती, स्कूटीवर सुटली. मथुराबाईच्या घरात खिडकीला लुगडं लावून अंधार केलेला. सोनाली कुशीवर पडलेली. तोंड एवढं सुजलेलं की डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "आलात अक्का? म्या आत्याबाईला म्हणलंच, अक्का येणार."

देवा शप्पथ सांगते, त्यापेक्षा तिनं माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

निखतनं दंडाला बीपीचा पट्टा बांधला, आकडा बघितला. दुसऱ्या हाताला बांधून परत बघितला. तिच्या तोंडावरचं रगत उतरलं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, गाडी लांब होती. तेवढ्यात मला रस्त्यावर हैदरची जीप दिसली, उमरग्याची सीटं भरून उभी. म्या आवाज दिला. एकदाच. हैदरनं काय इचारलं न्हाय, सगळी सीटं खाली उतरवली आन जीप उलटी घेऊन दारात लावली. उतरलेल्यांतल्या एकानंबी तक्रार केली न्हाय.

मुरुम दिसायला लागलं तवा जीपमधे तिला झटका आला. हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले, तोंडाला फेस. मथुराबाईनं हंबरडा फोडला. निखतनं पोरीला कुशीवर वळवलं, तिचं डोकं धरून ठेवलं आन नुसतं "चला, हैदरभाई, चला" म्हणत राहिली. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले व्हते. सारा जन्म ह्या तोंडाचा पट्टा चालला, तवा मातर एक शब्द फुटला न्हाय.

मुरुमच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन पुढं उमरग्याला पाठवलं. तिथं ऑपरेशन करून पोरगी काढली. दिवस भरले नव्हते, ओंजळीत मावंल एवढी, काचेच्या पेटीत ठेवली. सोनालीला शुद्ध यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. डॉक्टरीण म्हणाली, दोघी वाचल्यात, पण लगेच हुरळू नका. माझा जीव भांड्यात पडला, पण भांडं गळकं होतं.

निखत पायरीवर बसून रडत होती. "अक्का, मी रविवारी रात्री टॅब बघितला होता. तिच्या नावापुढं हिरवं होतं. बटण दाबलं नाही म्हणजे तक्रार नाही, असंच त्यात धरलेलं हाय. मी हिरवं बघून झोपले."

मी तिच्याशेजारी बसले. डोक्यात एकच घोळत होतं. बोलली न्हाय म्हणजे बरी हाय, असं कॉम्प्युटरनं धरलं. पण त्याला तरी नावं का ठेवायची? आमच्या घराघरात सुनांचं तसंच धरतेत. कॉम्प्युटर आमच्याकडनंच शिकला असंल.

"मी अर्ज देते," निखत म्हणाली. "हे कॉल बंदच करू द्या."

तवा मला राग आला. राग आला की मला बरं वाटतंय. "बंद? शिवलिंगप्पाचा अंगठा तुझ्या अर्जानं वाचला व्हय? गिरणीत एकाचं बोट अडकलं म्हणून गाव काय कच्ची ज्वारी खाणार हाय? बंद करायचं न्हाय. ते खोटं 'कळलं' तेवढं काढ. भिंतीला तरी कान असतेत, तुझ्या टेपीला तेबी न्हायत. न्हायत तर न्हायत म्हणून सांगायचं. आन बटण न दाबणारीला हिरवं देऊ नको, तिच्या घरी जायचं. जिला बोलायचंय तिला जितं माणूस पायजे. माझा खरा नंबर दे. दुपारी गिरणी बंद ठेवते तासभर."

"रोज, अक्का?"

"न्हाय, दिवाळीला! रोजच की गं."

ती नाक पुसत हसली. पण मी तिला जे बोलले ते सोपं होतं. अवघड ते आत खाटेवर होतं.

रविवार उजाडला तवा सोनाली उशीला टेकून बसली होती. सूज उतरलेली. मथुराबाई पेटीतल्या पोरीला बघायला गेली होती, मोबाईल खाटेवरच ठिऊन. पोरीनं माझा हात धरला.

"अक्का, एक इचारू? रागावणार न्हाय ना?"

"इचार की."

"म्या तुमाला नीट सांगितलं नव्हतं का? तुमी किती कामात असता. माझंच काय तरी सांगायचं राहिलं असंल."

आगं बाई! मरणाच्या दारातनं आली आन चूक आपली धरून बसलीय. "पोरी, तू नीटच सांगितलंस. ती मी नव्हते. ती टेप व्हती, माझ्या आवाजाची. म्या एकदा बोलून ठेवलं, कॉम्प्युटर ते सगळ्यांना लावतो."

तिनं मान हलवली. मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हलवावी तशी. तिला पटलं न्हाय.

तेवढ्यात खाटेवरचा मोबाईल वाजला. ती बाळंत झाल्याचं कॉम्प्युटरला अजून कुणी सांगितलं नव्हतं, ते 'कळलं'बी अजून निघालं नव्हतं, आन ऑफिसला सुट्टी. तिनं उचलून कानाला लावला, मग हळूच खाली घेऊन आवाज मोठा केला.

"पोरी, मी नागम्मा अक्का. बरी हायेस का?"

सोनाली माझ्या तोंडाकडं बघत होती. माझं तोंड मिटलेलं. फोन बोलत होता. "डोकं दुखतंय का? डोळ्यापुढं काजवे चमकतेत का?" शेजारच्या खाटेवरची बाईबी उठून बसली. "आसंल तर लपवू नको, एकचं बटण दाब." मग ती मोकळी जागा आली. बोलून ठेवताना मला ती एवढीशी वाटली होती. त्या खाटेपाशी बसून ऐकली तवा कळलं ती किती मोठी हाय. ह्याच जागेत त्या पोरीनं, सासू चुलीपाशी असतानाबी, आपलं सगळं दुखणं ओतलं होतं.

"बरं, कळलं मला. जप." आन फोन बंद झाला.

सोनालीनं तो मोबाईल परत कानाला लावून बघितला. "हिनं तर कायच ऐकलं न्हाय," ती हळूच म्हणाली.

मला रडू फुटलं. लाजबी वाटली न्हाय. "मला माफ कर पोरी," म्या म्हणलं. "तुला सांग म्हणून सांगितलं आन ऐकायला कुणी ठेवलंच न्हाय."

तिनं मोबाईल उशीखाली सारला. डोळे पुसले, तिचे न्हाय, माझे. मग म्हणाली, "अक्का, आता तुमी इचारा."

"बरी हायेस का?" म्या इचारलं.

"न्हाय, अक्का," ती म्हणाली, आन तिचं सगळं सांगून हुईस्तवर म्या तोंड उघडलं न्हाय.